बराखीतली ब्रॉडगेज

"माझी चहाची गाळणी तुमच्याकडं आलीय का हो, ताई?"

माईंचा आवाज. आमच्या नि त्यांच्या अंगणामध्ये तारेचं कुंपण आहे आणि त्यावर घोसाळ्याचा वेल. वेलात एक भगदाड आहे. ते आपोआप पडलेलं नाही. आम्ही दोघींनी वेल वळवून वळवून ते राखलंय. विरजण, कढीपत्ता आणि अख्ख्या अवसरी बुद्रुकची खबर तिथूनच इकडची तिकडं होते.

"माझ्याकडं कशी येईल? नानांना विचारलंत का?"

"त्यांना काय विचारायचं. खडी चाळत बसलेत. तिसरी गाळणी गेली या वर्षात."

आता तुम्हाला वाटेल घराचं बांधकाम चाललंय. नाही. नाना पिंपरीला कारखान्यात टर्नर होते. रिटायर होऊन गावी आलेली माणसं भजनाला बसतात, नाहीतर सोसायटीच्या निवडणुकीत पॅनल उभं करतात. नानांनी कांद्याची बराखी रिकामी केली आणि आत रूळ टाकले. खेळण्यातल्या रेल्वेचे. हे मी म्हणतेय. नानांच्या समोर 'खेळणं' म्हणालात तर ते चष्मा काढतात, पुसतात आणि म्हणतात, "वहिनी, हे मॉडेल आहे. एकास सत्त्याऐंशी."

एकास सत्त्याऐंशी म्हणजे खऱ्याचा सत्त्याऐंशीवा हिस्सा. या मापाला एच.ओ. म्हणतात, म्हणजे अर्धा ओ. ओ म्हणजे सात मिलिमीटरला एक फूट, म्हणून एच.ओ. म्हणजे साडेतीन मिलिमीटरला एक फूट. हे मला कसं ठाऊक? कुंपणाला कान असतात. शिवाय माईंना गेली चार वर्षं घरात दुसरा विषय ऐकायला मिळालेला नाही, तर त्या तो कुणाला सांगणार?

"काल रात्री मला विचारतात, तुझी उंची किती? मी म्हटलं पाच फूट. तर म्हणाले, साडेसतरा मिलिमीटर. आणि कूस बदलून झोपले."

आमच्या आंबेगाव तालुक्यात रेल्वे नाही. शेजारच्या जुन्नरात नाही. पुणे-नाशिक हायवे आहे, एसटी आहे, वडाप आहे, ऊस आहे, उसात बिबट्या आहे. पण रूळ नाही. पुणे-नाशिक रेल्वे येणार, हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. मधे ते फारच खरं वाटायला लागलं होतं. सेमी हायस्पीड, २३५ किलोमीटर, ताशी २०० किलोमीटरचा वेग. मंचरला स्टेशन, नारायणगावला स्टेशन. मोजणीवाले आले, खुणा रोवून गेले, आणि कुणाच्या बांधावरून रूळ जाणार नि कुणाला किती मिळणार याची भांडणं भावाभावांत आधीच लागली. मग खोडदची दुर्बीण आडवी आली.

ती दुर्बीण म्हणजे जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, आकाशातून येणाऱ्या अगदी क्षीण रेडिओ लहरी टिपणाऱ्या. विजेची गाडी शेजारून गेली की तिच्या ठिणग्यांचा गोंगाट त्या लहरींत मिसळणार. रेल्वेमंत्र्यांनी मार्ग बदलायचं संसदेत सांगितलं. ते कळल्यावर गावात जो तो हळहळला. नाना तेवढे बराखीत गेले आणि सोल्डरिंग आयर्न तापत घातलं.

"म्हणाले, त्यांची येवो न येवो, आपली येणार," माई म्हणाल्या. "मी म्हटलं, आधी कांदा कुठं ठेवायचा ते सांगा."

कांद्याचं मी सांगते. त्या साली माईंचा कांदा आमच्या बराखीत आला. त्याचं भाडं मी घेतलं नाही, पण त्या बदल्यात मला आत जाऊन बघायचा हक्क मिळाला. म्हणून हे एवढं सविस्तर सांगू शकते.

बराखी हीच जागा का, यालाही कारण आहे. आमचा समज असा की खेळण्यातली आगगाडी गोल फिरते. नाना म्हणाले, "फिरते, पण ते खोटं आहे." आपल्याकडच्या ब्रॉडगेजचं तीव्रातलं तीव्र वळण १७५ मीटर त्रिज्येचं. सत्त्याऐंशीने भागलं की दोन मीटर. म्हणजे गाडीला पुरतं वळून परत यायला चार मीटर रुंद जागा हवी, तीही कमीत कमी. एवढी खोली कुणाच्या घरात रिकामी असते? बाजारातल्या सेटात हातभर वळणं असतात. त्यावर डबे असे तिरके लोंबतात, की खरी गाडी असती तर वर्तमानपत्रात आली असती. कांद्याची बराखी मात्र हवा खेळावी म्हणून अरुंद नि लांब बांधलेली. पाच फूट बाय तीस फूट. तीस फूट म्हणजे मापाने पाऊण किलोमीटरच्याही वर. गाडी एका टोकाहून निघते, स्टेशनात थांबते, इंजिन सुटतं, बाजूच्या रुळाने मागं जाऊन उलट्या तोंडाला लागतं, आणि परत. माझा नातू पहिल्यांदा बघून म्हणाला, "बास? एवढंच?" नानांनी त्याला आठवडाभर आत घेतलं नाही.

यातली खरी गंमत, किंवा खरा वेडेपणा, रुळांच्या मधल्या अंतरात आहे. हे मला तीन वेळा ऐकल्यावर कळलं, तुम्ही दोनदा वाचा.

बाजारात मिळणाऱ्या एच.ओ. रुळात साडेसोळा मिलिमीटर अंतर असतं. सत्त्याऐंशीने गुणा: १४३५ मिलिमीटर. युरोप-अमेरिकेतलं नेहमीचं अंतर तेच. पण आपली रेल्वे १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला निघाली ती साडेपाच फुटांवर, म्हणजे १६७६ मिलिमीटर. भागा: एकोणीस पूर्णांक तीन. म्हणजे विकतच्या रुळावर आपली गाडी ठेवली की प्रत्येक चाक आत ओढलेलं. वर पैलवानाची छाती आणि खाली काडीसारखे पाय जवळजवळ. फरक किती, तर दोन पूर्णांक आठ मिलिमीटर. तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढा! जगात बहुतेक जण तो सोडून देतात आणि मजेत गाडी पळवतात. नाना सोडत नाहीत.

"वहिनी, खऱ्यात ते नऊ इंचांच्या वर होतात. बांध नऊ इंच सरकला तर तुम्ही सोडाल?"

या तालुक्यात याला उत्तर नाही. नऊ इंचांसाठी इथं दोन-दोन पिढ्या कोर्टात गेल्यात.

असा हट्ट धरणाऱ्यांची एक जातच आहे म्हणे, तिला फाइनस्केलवाले म्हणतात. इंग्रजांनी तर स्वतःच घोळ घालून ठेवला होता. त्यांची इंजिनं अंगाने बारीक; एच.ओ.च्या मापात जुनी मोटर मावेना. म्हणून गाडी वाढवली चार मिलिमीटरला एक फूट आणि रूळ ठेवला तोच साडेसोळाचा. अंगरखा मोठा, पायजमा तोकडा. पुढं काही जणांना ते बघवेना. १९६६च्या सुमारास त्यांनी बरोबर हिशेब मांडला, १८.८३ मिलिमीटर, आणि चाकांपासून सांध्यांपर्यंत सगळं नव्यानं बनवायला घेतलं. दशांशानंतरचे दोन आकडे! नाना हे सांगताना हात जोडायचेच काय ते बाकी होते.

तर आपल्या मापाचा रूळ तयार मिळत नाही, म्हणून नाना स्वतः टाकतात. नुसती पट्टी विकत आणायची. तिच्या उंचीतही भानगड. आपला ६० किलोचा रूळ १७२ मिलिमीटर उंच, भागून दोनला किंचित कमी. सेटातला अडीच मिलिमीटरचा. तो ठेवला तर खऱ्या मापाने गुडघ्यापर्यंत नाही, पण घोट्याच्या बराच वर येईल असा दिसतो. म्हणून बारीक, एक पूर्णांक नऊचा. त्याखाली स्लीपर. खऱ्या रेल्वेत किलोमीटरला १६६० स्लीपर. तीस फुटी बराखीला तेराशेच्या वर. आइस्क्रीमच्या काड्या उभ्या चिरून, एकेक तासून, राखाडी रंगवून. मधे मधे तांब्याचा मुलामा असलेली पट्टी, तिला रूळ सोल्डर करायचा. दिवसाला वीस होतात. गुडघे दुखले की बारा.

"आमच्याकडं पाहुणे आले की पोरांना आइस्क्रीम भरपूर," माई म्हणाल्या. "काडी मात्र परत द्यायची."

आणि मग खडी, जिच्यापायी गाळण्या गेल्या. खरी खडी ६५ मिलिमीटरपर्यंतची असते. भागली की पाऊण मिलिमीटर, आणि माईंची गाळणी देवानं नेमकी तेवढीच घडवलेली. खाणीवरचा कच आणायचा, धुवायचा, वाळवायचा, गाळायचा. मग रुळांमधे पसरून, वरून पाण्यात निम्मा पातळ केलेला फेविकॉल, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. तो थेंब नसला तर गोंद खडीवर मोत्यासारखा बसून राहतो, आत शिरत नाही. गोंद सोडायला जनावरांच्या डॉक्टरची सिरिंज. आमची गाय आजारी पडली तेव्हा ती मोठी सिरिंज कुठं गेली यावरून आमच्याकडं जे रामायण झालं, त्याचा उलगडा मला पुढच्या महिन्यात बराखीत झाला. बोलले नाही. कांदा त्यांचा आमच्याकडं होता, म्हटलं फिटंफाट.

चाकांचं तर नानांच्या हातचंच काम. लेथवर नवे आस कातले, चाकं रुंद बसवली. दोन चाकांच्या आतल्या बाजूंतलं अंतर खऱ्यात १६०० मिलिमीटर, इथं अठरा पूर्णांक चार. ते तपासायला पितळेचा एक चिमुकला ठोकळा घासून केला होता. तो एकदा हरवला. चार दिवस घरात सुतक असल्यासारखं. बराखी झाडली, न्हाणीघर झाडलं, माझ्या नातवाचे खिसे तपासले. पाचव्या दिवशी पूजेला बसले तर ठोकळा देव्हाऱ्यात, खंडोबाच्या टाकाशेजारी, हळदकुंकू लागलेला.

"जमिनीवर पडलेलं पितळ," माई म्हणाल्या. "मला वाटलं देवच पडला."

मे महिन्यात निराळंच संकट. बराखीला आता चारी बाजूंनी पत्रा मारलाय, धूळ नको म्हणून. दुपारी आत भट्टी. रूळ तापून लांबला आणि मधोमध साप वळवळावा तसा वाकला. मी म्हटलं, एवढीशी पट्टी ती काय लांबणार? तर नऊ मीटर धातू पंचवीस अंश तापला की चार मिलिमीटरच्या आसपास वाढतो, आणि इथं तर अर्ध्या मिलिमीटरला गाडी घसरते. आता सांध्या-सांध्यात पोस्टकार्डाच्या जाडीची फट ठेवलीय. चाक त्यावरून गेलं की बारीक टकटक येते. नाना डोळे मिटून ती ऐकतात. तोंडाने कबूल करत नाहीत, पण रूळ वाकल्याचं त्यांना आता दुःख नाही.

पुण्याला जाऊन आम्ही जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियमही बघून आलो. कोथरूडला, कर्वे रस्त्याजवळ. भाऊसाहेब जोशींनी आयुष्यभराच्या नादातून उभं केलं आणि १ एप्रिल १९९८ला लोकांना खुलं झालं. एच.ओ.चं आख्खं शहर: वाफेच्या इंजिनापासून झपाट्याच्या गाडीपर्यंत सगळं, वर उड्डाणपूल, सर्कस, पोहण्याचा तलाव, गाडीत बसून सिनेमा बघायचं थिएटर. दिवे मालवतात आणि त्या शहरात रात्र होते. डब्यांच्या खिडक्या उजळून धावतात. माझा नातू खुर्चीवरून उठेना. माई मला कोपरानं ढोसून म्हणाल्या, "बघा, इथं गोल फिरते. किती छान दिसतं." नाना ऐकत नव्हते. ते काचेला नाक लावून सांधे बघत होते. बाहेर आल्यावर बराच वेळ गप्प, मग म्हणाले, "माणसाने दुसऱ्यांना दाखवण्यासाठी केलंय. मी आपला दार लावून बसतो." त्या दिवशीपासून बराखीचं दार उघडं असतं. एकूण ती सहल स्वस्तात पडली.

परतताना मेट्रोत बसलो, तर नाना खाली वाकून रूळ बघतायत. पुण्याची मेट्रो म्हणे १४३५वरच धावते. म्हणजे विकतच्या साडेसोळाच्या रुळावर पुणे मेट्रोचं मॉडेल बसवलं तर बिनचूक!

"मग मेट्रोच करा ना नाना," मी म्हटलं. "तयार रूळ आणा, एका दिवसात चालू."

नानांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं आमचे हे मी पुरणपोळी विकत आणली तेव्हा बघत होते.

रूळ झाला की मग आजूबाजूचं. फाइनस्केलवाल्यांना एक काळही ठरवावा लागतो. नानांनी १९९० घेतलंय. डिझेल इंजिन, मागं विटकरी लाल डबे, साडेचोवीस सेंटिमीटरचा एकेक. नवा रंग दिल्यावर झकास दिसत होते. दुसऱ्या दिवशी बघते तर त्यावर धूळ, चाकांजवळ ब्रेकच्या लोखंडाचा तांबूस भुरा आणि खिडक्यांखाली लाल ओघळ.

"हे काय सांडलं?"

"पिंक," नाना म्हणाले. "पानाची. प्रत्येक खिडकीखाली नाही. दारापाशी जास्त, आणि गाडी पुढं जाते म्हणून ओघळ मागं कललेला."

मी हसले खरी, पण नंतर मंचरच्या स्टँडवर एसटी उभी होती तिच्याकडं नकळत बघितलं. ओघळ मागं कललेले होते. इतकी वर्षं त्या एसटीतून जातेय.

झाडं माईंच्या तुळशीची. तुळस वाळली की तिच्या फांद्या मापाने थेट वडासारख्या पसरतात, त्यावर हिरवा रंगवलेला भुसा. त्यावरून घरात धर्मसंकट उभं राहिलं. शेवटी ठरलं, की तुळस आपणहून वाळली तर चालेल, नानांनी पाणी तोडायचं नाही. ऊस गवताच्या तुऱ्यांचा, साडेतीन सेंटिमीटरचा. कांद्याचं वावर जुन्या टूथब्रशचे केस कापून. आणि उसाच्या कडेला, नीट पाहिलं तरच दिसेल असा, दीड सेंटिमीटरचा बिबट्या. अवसरी खुर्दच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला एक मुलगा येतो इलेक्ट्रॉनिक्स जोडायला, त्याला तो महिनाभर दिसला नव्हता. खऱ्यासारखाच.

खुर्दवरून आठवलं. आमचं बुद्रुक म्हणजे थोरलं, ते खुर्द म्हणजे धाकटं. फारसी शब्द. कॉलेज त्यांच्याकडं गेल्यापासून थोरलं कोण यावर चावडीवर फार बोलत नाहीत. नाना म्हणतात, बराखीत आहे ते बुद्रुकचं खुर्द.

ते म्हणण्याचं कारण आमचं घर. जुनं. सासऱ्यांच्या वेळचं मातीच्या भिंतींचं, मंगलोरी कौलांचं. आम्ही पाडून स्लॅबचं बांधलं त्याला आता वीस वर्षं झाली. ते जुनं घर बराखीत उभं करायचं म्हणून नाना एका सकाळी भगदाडात उभे.

"वहिनी, तुमच्या ओट्याला पायऱ्या किती होत्या?"

"तीन."

"चार," माई मागून म्हणाल्या.

त्या ओट्यावर मी बावीस वर्षं धान्य निवडलं. आमच्या ह्यांना विचारलं, ते म्हणाले, मोजायला काय झालंय, जा मोज. मग आठवलं की मोजायला काही उरलेलं नाही. जाऊबाईंच्या लग्नाच्या अल्बमात एक फोटो सापडला. त्यात ओट्यावर वऱ्हाड बसलेलं, पायऱ्या झाकलेल्या. दुसऱ्या फोटोत म्हैस आडवी. चार घरांतले अल्बम काढले तेव्हा एका फोटोत दिसलं: साडेतीन. सगळ्यात खालची पायरी अर्धी जमिनीत गेलेली. दोघी बरोबर.

इंग्लंडात रॉय इंग्लंड नावाचा एक माणूस होता, नानांनीच सांगितलं. मूळ ऑस्ट्रेलियाचा. १९२५ साली तिकडं आला, गवती छपरांची घरं भराभर जाताना बघितली आणि त्याचा जीव तुटला. म्हणून त्याने तिथली घरं चार मिलिमीटरला एक फूट मापाने, एकेका घराला महिनोन्महिने देऊन, बनवायला घेतली. त्यातून पेंडनचं म्युझियम उभं राहिलं, १९५४ साली, लाँग विटेनम या खेड्यात. आडनावच इंग्लंड म्हटल्यावर त्याला पळवाट नव्हती, असं माईंचं मत.

आमच्या घराची कौलं नानांनी कागदाच्या पट्ट्या दाबून केली, सहाशेच्या वर. एक कौल पाच मिलिमीटरचंही नाही. मागच्या पडवीवरची चार फुटकी दाखवायला सांगितली मी. तिथं पावसाळ्यात पातेलं ठेवावं लागायचं. दाखवली.

एवढं सगळं झालं, आणि अडलं कुठं, तर स्टेशनाच्या नावावर. नानांचं म्हणणं, सर्व्हेत मंचर होतं, पाटी मंचरचीच. माई म्हणाल्या, माझी बराखी, माझ्या गाळण्या, माझी तुळस, आणि पाटी मंचरची? मी भगदाडातून म्हटलं, "नाना, जी रेल्वे मुळात नाहीच, तिच्यात खरं काय नि खोटं काय?"

"रेल्वे नसली तर नसली," नाना म्हणाले. "माप खोटं चालणार नाही."

तीन दिवस दोघांत अबोला. माझ्यामार्फत निरोप चालले. कुंपणाशी उभं राहून माझे पाय दुखले. तोड माईंनीच काढली. नाशिक शहर एकीकडं आणि स्टेशन दुसरीकडं, तर त्याला म्हणतात नाशिक रोड. तसंच वसई रोड, डहाणू रोड, सावंतवाडी रोड. गाव लांब असलं की रेल्वे 'रोड' लावते. नाना बराच वेळ विचार करत होते. रेल्वेच्या रीतीत बसतंय म्हटल्यावर त्यांना नाही म्हणता येईना.

पाटी लागली. पिवळी, काळ्या अक्षरांत 'अवसरी रोड', वर देवनागरीत, खाली इंग्रजीत. अगदी खाली, भिंगानेच वाचता येईल अशा अक्षरांत 'समुद्रसपाटीपासून उंची', आणि पुढं जागा कोरी. फोनमधला आकडा दर वेळी वेगळा येतो म्हणून नानांना तो नकोय. तुमच्यापैकी कुणी मोजणी खात्यात असाल आणि अवसरी बुद्रुकच्या वेशीवरचा खात्रीचा आकडा जवळ असेल, तर माईंच्या पत्त्यावर कळवा. मीटरमध्ये. आणि सत्त्याऐंशीने भागू नका, तो तसाच लिहायचा असतो.